गॅस ग्रिल घेताय? आधी गॅस कुठून आणणार ते ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरात भंडारदऱ्याला दोन रात्री तंबूत राहायचं, पोरंटोरं धरून नऊ माणसं. कोळसा पेटवून पंखा मारत बसायचा कंटाळा आलाय, म्हणून नेता येण्याजोगं गॅस ग्रिल हवंय. बजेट आठ हजार. मामेभाऊ अमेरिकेहून येताना एक घेऊन येतो म्हणतोय. एक गाडी आहे, बाकीची मंडळी लोकलने कसाऱ्याला उतरून जीपने येणार, तर ग्रिलचं सामान त्यांच्याकडे दिलं तर चालेल का? आणि या सगळ्यात कुठलं ग्रिल घ्यावं?

मी मुलुंडला राहतो. सोळा वर्षं झाली, ऑक्टोबर ते मार्च बहुतेक शनिवार-रविवार कुठल्या ना कुठल्या पाण्याकाठी स्वयंपाक करण्यात जातात. आधी आमच्याच ट्रेकच्या ग्रुपसाठी हौसेने करायचो, आता पैसे घेऊन करतो. या काळात तीन ग्रिलं विकत घेतली, एक भंगारात घातलं आणि एकदा भुवया जाळून घेतल्या. त्या जोरावर सांगतो, घोडं पेंड खातं ते ग्रिलपाशी नाही, गॅसपाशी. दुकानात आपण जाळी बघतो, झाकण बघतो, रंग बघतो. आणि मग घरी आल्यावर कळतं की त्याला लागणारा कॅन आपल्याकडे मिळतच नाही, किंवा मिळतो पण नेता येत नाही. म्हणून उलट्या टोकापासून सुरुवात करू.

आधी लोकलचं. गॅस रेल्वेने न्यायचा नाही, कॅन असो की सिलिंडर. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६४ खाली धोकादायक वस्तू गाडीत नेल्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दंडाची रक्कम ऐकून लोक हसतात. त्यांना मी मदुराईची आठवण करून देतो. २६ ऑगस्ट २०२३ ला पहाटे तिथे उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या डब्याला आग लागली, आत चोरून आणलेला सिलिंडर होता, नऊ माणसं गेली. सकाळच्या कसारा लोकलमध्ये दारात किती माणसं लटकलेली असतात ते तुम्हाला सांगायला नको. स्टेशनवरच्या फलकांवर स्टोव्हलाही मनाई लिहिलेली असते, त्यामुळे रिकामं ग्रिल आणि गॅस दोन्ही तुमच्या गाडीतूनच जाऊ द्या. लोकलवाल्यांकडे बटाटे, कांदे, ताटं-वाट्या द्या.

गाडीतही डिकीत कसंही टाकायचं नाही. सिलिंडर उभा, मागच्या सीटला दोरीने बांधलेला, रेग्युलेटर काढून ठेवलेला आणि तोंडावर प्लास्टिकची टोपी. काच बोटभर उघडी. वाटेत मिसळ खायला थांबलात आणि गाडी उन्हात असेल तर कॅनची पिशवी उचलून बरोबर घ्या. कॅनवर ५० अंशांच्या वर तापू देऊ नका असं छापलेलं असतं, आणि उन्हात बंद उभ्या राहिलेल्या गाडीला तिथवर पोचायला मे महिनाच लागतो असं नाही.

आता मामेभाऊ. त्याला आत्ताच नको म्हणून सांगा. तिकडची बरीचशी छोटी ग्रिलं एक पौंडाच्या प्रोपेनच्या बाटलीवर चालतात. तशी बाटली आपल्याकडे दुकानात सहज मिळत नाही आणि गॅस भरलेली बाटली विमानात आणता येत नाही. मग लोक अ‍ॅडॅप्टर शोधतात. आपल्या घरगुती सिलिंडरचा रेग्युलेटर ३० मिलीबारच्या आसपास दाब देतो. त्या ग्रिलच्या अंगावर बसवलेला रेग्युलेटर मात्र बाटलीतून थेट येणाऱ्या जोरदार दाबासाठी बनवलेला असतो. एकापुढे एक दोन रेग्युलेटर लावले की ज्योत काजव्याएवढी होते. मग कोणीतरी शहाणा म्हणतो, आपला रेग्युलेटर काढून टाकू. तिथून पुढचं मला बघायचंही नाही.

मुंबईत आणखी एक गंमत असते. तुमच्याकडे पाइपचा गॅस असेल तर घरात सिलिंडर नसेलच, आणि शेगडीची जेटही (गॅस सोडणाऱ्या बारीक तोट्या) त्या गॅसला जुळवलेली असतात. सिलिंडरसाठी बनलेलं ग्रिल घरच्या पाइपला जोडून बघू असा मोह कोणाला तरी होतोच. दोन्ही गॅस वेगळे, दाब वेगळा, जेटचं भोक वेगळं. ते करू नका.

म्हणजे तुमच्या हातात दोन गॅस उरतात. एक, ब्युटेनचा कॅन. हेअरस्प्रेच्या बाटलीसारखा दिसतो, आत सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास गॅस. दुसरा, पाच किलोचा छोटा सिलिंडर. तो कंपन्यांच्या एजन्सीत आणि काही पेट्रोल पंपांवर ओळखपत्र दाखवून मिळतो, पत्त्याचा पुरावा मागत नाहीत. इंडेनने त्याचं नाव ‘छोटू’ ठेवलंय. भरलेला उचलला तर तेराएक किलो भरतो, त्यामुळे छोटू नावापुरताच. गल्लीबोळात मिळणारे, घरच्या सिलिंडरमधून भरून देतात ते बिनशिक्क्याचे बाटले मात्र चुकूनही घेऊ नका. बेकायदा तर आहेतच, पण त्यांच्या व्हॉल्व्हची कधी तपासणी झालीय हे देवालाच ठाऊक. कंपनीच्या सिलिंडरवर वरच्या पट्टीच्या आतल्या बाजूला एक अक्षर आणि एक आकडा रंगवलेला असतो. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, असं डीपर्यंत. बी-२८ लिहिलं असेल तर जून २०२८ पर्यंत त्याची चाचणी वैध. ती तारीख उलटून गेलेला सिलिंडर दिला तर तिथल्या तिथे बदलून मागा.

या दोघांत कुठला, हे थंडी आणि माणसं ठरवतात. ब्युटेन शून्य अंशाच्या जरासं खाली उकळतो. मुंबईच्या तीस अंशांत कॅनमध्ये भरपूर दाब असतो. भंडारदऱ्याला डिसेंबरच्या रात्री पारा दहाच्या आसपास उतरला की तोच दाब तिसऱ्या हिश्श्याहून कमी होतो. त्यात आणखी एक गोष्ट होते. द्रव गॅसची वाफ होताना कॅन स्वतःच गार पडत जातो. अर्ध्या तासाने हात लावून बघा, बाहेरून दव आलेलं असतं. घरी ओट्यावर दणदणीत पेटणारा स्टोव्ह तिथे रात्री नऊ वाजता मरगळतो, आणि लोक म्हणतात माल खराब निघाला. माल चांगला असतो, गॅसला थंडी वाजत असते. कॅन वापरणार असाल तर दोन आलटून पालटून वापरा, पुढचा अर्धा तास आधी जॅकेटच्या आत ठेवा. विस्तवाजवळ धरून गरम करायचा नाही. हे लिहावं लागतंय कारण मी ते डोळ्यांनी पाहिलंय.

सिलिंडरमधला गॅस प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण असतो आणि पाच किलोंचा साठा इतक्या चटकन गार पडत नाही, त्यामुळे सह्याद्रीच्या थंडीला तो पुरून उरतो.

किती गॅस लागेल? अडीच किलोवॅटचा बर्नर पूर्ण ज्योतीवर तासाला दोनशे ग्रॅमच्या आसपास खातो, म्हणजे एक कॅन सव्वा तासाच्या आत संपतो. नऊ माणसांचं रात्रीचं ग्रिल दीड तास चालतं, सकाळचा चहा-पोहे वेगळे. दोन रात्रींचे चार कॅन धरा, आणि थंडी-वाऱ्याचे म्हणून आणखी दोन. पाच किलोच्या सिलिंडरवर हेच ग्रिल पंचवीसेक तास चालेल, दोन रात्रींत अर्धाही संपणार नाही.

आता ग्रिल. बाजारात तीन जातीच्या वस्तू गॅस ग्रिल म्हणून खपवतात.

पहिली म्हणजे प्लास्टिकच्या पेटीत येणारा चपटा कॅसेट स्टोव्ह. बाजूच्या कप्प्यात कॅन आडवा बसतो आणि वर रेघांचा गोल तवा ठेवायचा. खरं तर हा तवाच, ग्रिल नाही, पण चार माणसांना उत्तम. उचलायला सोपा आणि तुमच्या बजेटमध्ये दोन बसतील. यात कॅन बसवताना एक गोष्ट नीट बघा. कॅनच्या गळ्यापाशी पत्र्याच्या कडेला एक खाच असते, ती वरच्या बाजूला येऊन खुणेत बसली पाहिजे. आतली नळी तेव्हाच गॅसच्या वाफेत राहते. खाच खाली गेली तर नळी द्रवात बुडते आणि बर्नरमधून हातभर पिवळा जाळ येतो. खाच खुणेत बसलीय की नाही ते बोट फिरवून बघायचं, मगच खटका दाबायचा.

याच स्टोव्हवर मी एकदा मोठा मूर्खपणा केला. पवनेच्या काठी पंधरा माणसं होती, तवा लहान पडत होता. मी घरचा बिडाचा तवा चढवला, चांगला दीड वीत रुंद. तो अर्धा कॅनच्या कप्प्यावर आला. बीड तापलं, त्याची धग खाली कप्प्याच्या पत्र्यावर उतरायला लागली. वीसेक मिनिटांनी ‘खट्’ असा आवाज आला आणि ज्योत गेली. मी वैतागून खटका परत दाबला, तो बसेना. कप्प्याचं झाकण उघडायला गेलो तर बोट भाजलं. आत दाब वाढला की कॅन आपोआप सुटतो अशी सोय त्या स्टोव्हला होती, तीच कामाला आली होती. ती सोय नसती तर हे उत्तर दुसऱ्या कोणीतरी लिहिलं असतं. तेव्हापासून नियम एकच, कॅनच्या कप्प्यावर भांड्याची सावलीही पडता कामा नये. दोन स्टोव्ह शेजारी शेजारी चिकटवूनही ठेवायचे नाहीत. आणि घेताना ही दाबाची सोय आहे का, हे दुकानदाराला विचारा. त्याला माहीत नसेल तर दुसरं दुकान बघा.

दुसरी जात झाकणाच्या छोट्या ग्रिलची. टेबलावर ठेवायचं, नळीने सिलिंडरला जोडायचं. ग्रिल म्हणावं ते हेच. यात झाकणाला महत्त्व आहे, कारण तंगडी आतपर्यंत शिजते ती खालच्या ज्योतीने नाही, झाकणाखाली कोंडलेल्या गरम हवेने. झाकण इतकं खोल हवं की आत आख्खी कोंबडी नाही, पण उभं कापलेलं कणीस आणि तंगडी आरामात मावेल. बर्नर गोल असेल तर मधोमध जळतं आणि कडेला कच्चं राहतं. यू किंवा एच आकाराचा बर्नर घ्या. बर्नरच्या वर पत्र्याची तिरकी पट्टी किंवा दगडांचा थर आहे का बघा. चरबी त्यावर ठिबकून धूर होते, आणि ग्रिलची म्हणून जी चव लागते ती बरीचशी त्या धुराची. पट्टी नसेल तर चरबी थेट ज्योतीवर पडून भडके उडतात, बर्नरची भोकं बुजतात.

जाळी किती मोठी? मी ए-थ्री कागद डोळ्यासमोर ठेवतो, ३० बाय ४२ सेंटिमीटर. एवढ्यावर आठ-नऊ तंगड्या एका वेळी बसतात. तुमच्या नऊ माणसांना दोन घाण्यांत पुरेल. खोक्यावरचा बीटीयूचा, म्हणजे बर्नर तासाला किती उष्णता देतो त्याचा, आकडा बघून भुलू नका. एवढ्या जाळीला साडेआठ हजार बीटीयू, म्हणजे अडीच किलोवॅट, पुरेसे आहेत. पातळ पत्र्याचं, फटीफटीतून वारा जाणारं बारा हजार बीटीयूचं ग्रिल घट्ट झाकणाच्या साडेआठ हजार बीटीयूच्या ग्रिलपुढे हरतं. आणखी एक साधी परीक्षा आहे. झाकण उघडं ठेवून ग्रिल एका बाजूने ढकलून बघा. डगमगलं तर घेऊ नका.

नळी मात्र वेगळी घ्या. स्वस्त ग्रिलबरोबर येणारी पारदर्शक हिरवट नळी काढून टाकायची आणि एजन्सीतली केशरी सुरक्षा नळी लावायची, आयएसआय खुणेची. ती पाच वर्षांनी बदलायची असते. रेग्युलेटरही तुमच्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हला जुळणारा त्याच एजन्सीतून घ्या.

तिसरी जात म्हणजे स्क्रूच्या कॅनवर बसणारा मुठीएवढा स्टोव्ह. हिमालयात पाणी उकळायला झकास. त्यावर ग्रिलची जाळी ठेवू नका, उंच असतो, लवंडतो. आणि वारा अडवायला कॅनभोवती पत्रा गुंडाळाल तर तो कॅनलाच भट्टी होईल.

तर इथपर्यंत आलेलं असं: गाडी एक आहे आणि माणसं नऊ, म्हणून पाच किलोचा सिलिंडर आणि झाकणाचं ग्रिल. चहासाठी एखाद्या मित्राचा कॅसेट स्टोव्ह उसना मागा. पण वर्षातून एकदाच जाणार असाल तर खरं सांगू, ग्रिल घेऊच नका. शेंडीत, मुरशेतला ज्यांच्याकडे उतरणार त्यांना आधी फोन करा, त्यांचा सिलिंडर-शेगडी पैसे देऊन मागा, आणि तुम्ही फक्त एक जाड बिडाचा रेघांचा तवा न्या. तो तर लोकलनेही नेता येतो. फोनवर आणखी एक विचारा, जागा वनखात्याच्या हद्दीत आहे का. त्या भागात कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे आणि तिथे विस्तव करण्यावर बंधनं आहेत. गॅसची ज्योत हीसुद्धा ज्योतच, हे वनरक्षकाशी हुज्जत घालण्याआधी लक्षात असलेलं बरं.

ग्रिल घेतलंत तर पहिल्यांदा घरीच पेटवा. सोसायटीला विचारून गच्चीवर, बंद गॅलरीत नाही. नव्या पत्र्यावर कारखान्याचं तेल असतं, ते रिकामं वीस मिनिटं जाळून टाकायचं. त्याआधी साबणाचं पाणी. वाटीत भांड्यांच्या साबणाचा दाट फेस करा, ब्रशने रेग्युलेटरच्या सांध्यावर, नळीच्या दोन्ही टोकांवर, नॉबच्या मुळाशी लावा. ग्रिलचा नॉब बंद, सिलिंडर चालू. मग डोळे जवळ नेऊन एक मिनिट नुसतं बघत राहा. गळती असेल तर फेसातून मोहरीएवढा बुडबुडा वर येतो, फुटतो, त्याच जागी दुसरा येतो. वास येत नसला तरी बुडबुडा खोटं बोलत नाही. ही तपासणी भंडारदऱ्याला पोचल्यावर पुन्हा करायची, कारण घाटात सामान हादरलेलं असतं.

पेटवताना झाकण उघडं. भुवयांची गोष्ट इथली आहे. झाकण लावलेलं होतं, नॉब फिरवला, लाइटरची ठिणगी पडेना. दहा-पंधरा सेकंद गेले असतील. मग ठिणगी पडली आणि आत साचलेला गॅस एकदम ‘भप्प’ झाला. झाकण उडालं, माझे कपाळावरचे केस आखडून नखाएवढे झाले, आणि तो जळका वास आठवडाभर नाकात होता. ठिणगी पाच सेकंदांत पडली नाही तर नॉब बंद करायचा, झाकण उघडं ठेवायचं, पाच मिनिटं गप्प बसायचं. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली खोलगट जागेत साचून राहतो, म्हणून ग्रिल खड्ड्यात किंवा तंबूच्या दाराशी लावायचं नाही.

तंबूत तर कधीच नाही. विझलेलं पण गरम असलेलंही नाही. थंडी वाजते म्हणून शेगडी आत घेणारे लोक असतात. जळताना निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, झोपलेला माणूस जागा होत नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामणच्या एका रिसॉर्टमध्ये केरळची आठ माणसं, त्यात लहान मुलं, खोलीत गॅस हीटर लावून झोपली आणि सकाळी उठली नाहीत. तुमच्याबरोबर पोरं आहेत, म्हणून हे मुद्दाम.

जागा निवडताना डिसेंबरचं गवत बघा. पिवळं, कुरकुरीत, एका ठिणगीची वाट बघणारं. मीटरभर जागा साफ करा, पाणी शिंपडा, ग्रिल सपाट दगडावर ठेवा. संध्याकाळी तळ्यावरून वारा सुटतो, त्याच्याकडे ग्रिलची पाठ करा. बाजूला एक बादली वाळू. चरबीने पेट घेतला तर पाणी ओतू नका, झाकण लावा आणि सिलिंडर बंद करा, बास.

आता जेवण, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. डिसेंबर म्हणजे बहुधा मार्गशीर्ष. तुमच्या नऊ जणांत गुरुवार करणारं कोणी असेल, कदाचित आख्खा महिना पाळणारंही. ‘जाळीचा हा कोपरा व्हेज’ असली समजूत आईसमोर टिकत नाही. दुसरी जाळी किंवा तवा वेगळा न्या. पहिला घाणा त्याच वेगळ्या जाळीवर कणीस, पनीर, रताळी आणि भरताच्या वांग्याचा, म्हणजे मुलांची भूकही भागते. मग मुख्य जाळीवर चिकन. मासे शेवटी, कारण बांगड्याचा वास जाळी सोडत नाही. रताळी घरूनच अर्धी उकडून न्या.

चिकन घरून मसाला लावून, घट्ट डब्यात गोठवून न्या. तोच बर्फ होतो. थर्माकोलच्या खोक्यात खाली बर्फाची लादी, वर डबे. बाजारातल्या कोळीणबाई जसे थर लावतात तसे. अर्धवट शिजवून नेऊ नका, कोमट चिकन डिकीत चार तास हा पोट बिघडण्याचा राजमार्ग आहे. पहिल्या रात्रीच मांसाहार उरका, दुसऱ्या रात्रीपर्यंत बर्फाचं पाणी झालेलं असतं.

ग्रिलवर घालायच्या आधी झाकण लावून दहा मिनिटं तापू द्या. तेल जाळीला नाही, तुकड्याला लावा. मसाल्यात साखर-मध असेल तर तो शेवटच्या पाच मिनिटांत चोपडा, नाहीतर बाहेरून कोळसा आणि आतून कच्चं. तंगडीला हाडापर्यंत दोन चिरा द्या. आधी मोठ्या ज्योतीवर दोन्ही बाजूंनी रंग आणायचा, मग ज्योत बारीक, झाकण बंद, वीस-पंचवीस मिनिटं. हाडाजवळ ७४ अंश झालं की झालं. थर्मामीटर नसेल तर जाड भागात सुरी घालून बघा, रस लालसर येत असेल तर अजून पाच मिनिटं.

बांगड्याची एकच युक्ती आहे, हात आवरायचा. मीठ, हळद, लिंबू, वरून तिखट, तिरक्या चिरा. जाळीवर ठेवला की साडेतीन-चार मिनिटं त्याला विसरायचं. कातडी आधी जाळीला चिकटते, मग तिच्यातली चरबी सुटते, कडेने बारीक तडतड ऐकू येते आणि मासा आपणहून जाळी सोडतो. उलथणं शेपटीखाली सरकवून बघा. अडलं तर सोडून द्या, अजून वेळ आहे. जबरदस्ती केली की कातडी जाळीवर आणि मासा दोन तुकड्यांत, आणि भोवती उभे असलेले आठ जण आठ सल्ले देतात.

कोळशाची चव गॅसवर येत नाही अशी तुमची शंका आहे, ती अर्धी बरोबर आहे. मी काय करतो, लिंबाएवढा एक कोळसा बरोबर नेतो. शेवटच्या घाण्याला तो जाळीच्या कोपऱ्यात लाल होऊ देतो. शिजलेलं चिकन मोठ्या पातेल्यात, मधोमध स्टीलची वाटी, वाटीत तो निखारा, वर अर्धा चमचा तूप, आणि लगेच झाकण. पाच मिनिटांची धुरी. परळच्या एका काकांनी माझ्याकडे तीन वर्षं हे चिकन ‘शेवटी कोळसा तो कोळसाच’ म्हणत खाल्लं. मी काही बोललो नाही.

बंद करताना आधी सिलिंडर, मग नळीतला गॅस जळून ज्योत गेली की नॉब. कॅसेट स्टोव्हचा कॅन रात्री काढून ठेवा. जाळी गरम असतानाच काट्याला अर्धा कांदा टोचून घासा, तारेचा ब्रश नको, त्याची तार तुटून अन्नात जाते. चरबीची ताटली झाकून ठेवा, नाहीतर रात्री कुत्री ग्रिलसकट घेऊन जातात. काही तळ्यात धुवायचं नाही. रिकामे कॅन परत आणा. शेकोटीत तर मुळीच टाकू नका, रिकामा दिसणारा कॅन रिकामा नसतो. पवनेला राखेत फुटलेले दोन मला सापडलेत, त्यातल्या एकाचा पत्रा दहा पावलांवर झाडाला लागला होता.

घरी आल्यावर जाळीला तेलाचा हात फिरवून वर्तमानपत्रात गुंडाळा. मुंबईच्या चार महिन्यांच्या दमट हवेत बिडाला गंज चढतो आणि बर्नरच्या नळीत किडे, कोळी घर करतात. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा पेटवाल आणि ज्योत निळीऐवजी पिवळी, काजळी धरणारी आली तर ग्रिल बिघडलं म्हणून दुकानात धावू नका. बर्नर काढा, नळीतून बाटली घासायचा लांब ब्रश फिरवा, भोकं सुईने मोकळी करा.

मामेभावाला रिकाम्या हाती येऊ देऊ नका मात्र. मांसात खुपसायचा थर्मामीटर आणि लांब दांड्याचा चिमटा मागवा. चेक-इनच्या बॅगेत टाकायला सांगा.